फीफीच्या घराचं चित्र

“सावली चुकलीय,” अराबा म्हणाली.

एबो क्वान्साह खुर्ची ओढून संगणकाजवळ सरकले. पडद्यावर एक घर होतं. दोन मजले, सपाट छप्पर, ऊन अडवणारी सिमेंटची जाळी. काम अर्धवट. खिडक्या उघड्याबोडक्या, गच्चीवर लोखंडी सळया उभ्या, दारात वाळूचा ढीग. हे संगणकावर काढलेलं चित्र आहे, असं सांगूनही कुणाला पटलं नसतं.

“काका, जून चालू आहे. अक्रामध्ये जूनच्या भरदुपारी सूर्य उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. तुमच्या चित्रकाराने युरोपातलं ऊन लावलंय.”

“दहा वर्षं हाच धंदा करतोय म्हणे! आणि सूर्य कुठे असतो ते ठाऊक नाही.” एबोंनी कपाळ पुसलं. “फीफीच्या लक्षात येईल?”

“ते काय करतात हॅम्बुर्गला?”

“बांधकामावर मुकादम आहे. जेवायला बोलावलं तर आधी भिंत ओळंब्यात आहे का बघतो, मग ताटाकडे.”

“मग येईलच लक्षात.”

हे चित्र धाकट्या भावाला फोटो म्हणून पाठवायचंय, ते कुठे खोटं वाटतं तेवढं तपासून दे, असं एबोंनी अराबाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. फीफी चौदा वर्षं घरासाठी पैसे पाठवत होता. घर झालं की कायमचा परतणार होता. असा एक तरी फीफी इथे प्रत्येकाच्या नात्यात असतो. तो तिकडे राबतो, इकडचे खातात, आणि जागेवर गवत माजतं. अराबाच्या मावशीचं हेच झालं होतं. ती अजून लंडनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते.

“खरं घर कुठवर आलंय?” अराबाने तेव्हा विचारलं होतं.

“दाखवण्यासारखं असतं तर तुझ्याकडे आलो असतो का, पोरी?”

तिथेच त्यांना वाटेला लावायला हवं होतं. पण खोटं नेमकं कुठे उघडं पडतं, याचं तिला भारी कुतूहल. भौतिकशास्त्र शिकल्यापासूनची खोड.

“सिमेंट फार स्वच्छ आहे,” ती म्हणाली. “पावसाचे ओघळ हवेत. इथे, जाळीखाली.”

“तिथे नाही. पाणी डावीकडून उतरतं.”

“उतरतं?”

“उतरेल, म्हणतो. ढाळ तिकडे आहे ना.”

अराबाला हसू आलं. चौदा वर्षं थापा मारून मारून म्हाताऱ्याच्या डोक्यात अख्खं घर बांधून झालेलं दिसतंय.

“मग पूर्ण झालेलंच का नाही काढून घेतलं?”

“वेडी का काय? पूर्ण दिसलं तर उद्याच विमानात बसेल तो.”

उन्हाचा कोन काढायला तिने जागा नेमकी कुठे ते विचारलं. एबोंनी तिच्या फोनवरच्या नकाशात बोट टेकवलं. शोधावंसुद्धा लागलं नाही.

“कोन काढते. सोमवारी या,” अराबा म्हणाली.

शनिवारी ती ट्रोट्रोत, खचाखच भरलेल्या भाड्याच्या व्हॅनमध्ये बसून शहराबाहेर कासोआकडे, त्या जागेवर निघाली. एबोंनी दिलेल्या जुन्या आराखड्यावर मालक म्हणून फीफीचं नाव होतं आणि हॅम्बुर्गचा फोन नंबर. तिने तो उतरवून घेतला होता. गवताचा एक फोटो काढायचा, फीफीला पाठवायचा. मावशीला कुणी पाठवला नव्हता. निदान हा माणूस पुढचे पैसे तरी वाचवेल आणि आहे तसा घरी परत येईल.

गाडीतून उतरून ती लाल मातीच्या रस्त्याने चालत राहिली. नकाशातल्या खुणेपाशी पोहोचली तेव्हा फोनचा कॅमेरा उघडलेलाच होता. तिने तो डोळ्यांसमोर धरला.

गवत नव्हतं. दोन मजली घर उभं होतं, खिडक्यांना काचा आणि पडदे, बोगनवेल पार छपरापर्यंत चढलेली, आणि गच्चीवर बनियनमधले एबो क्वान्साह झारीने कुंड्यांना पाणी घालत होते.