काचेपलीकडचा देश

साताऱ्यातल्याच दवाखान्यात, काचेपलीकडे, निषाद झोपल्यासारखा दिसत होता. अपघातात कपाळावर ओरखडासुद्धा उमटला नव्हता.

“काकू, गेलेल्या माणसावर आमच्या देशाचा हक्क असतो. परकीय नातेवाइकांना काचेतूनच बघता येतं,” अधिकारी मुलगी निषादच्या आईला हळू आवाजात म्हणाली. तीही इथलीच, पण नागरिक दूर उत्तरेकडच्या एका प्रजासत्ताकाची. निषादसारखीच.

घरबसल्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व निवडायची सोय झाली, तेव्हा निषादने जेवताना पाढे म्हणावेत तसं सांगितलं होतं. तिथं कर जास्त, पण उपचार फुकट. सरकारं पडत नाहीत, रांगा लागत नाहीत. “देश म्हणजे काय मोबाईलचं कार्ड आहे का रे?” म्हणत त्याचे बाबा, निवृत्त सुभेदार, ताटावरून उठले होते.

“मला पोराच्या तोंडात पाणी घालायचंय गं,” शलाका म्हणाली.

“मग आमचं नागरिकत्व घ्या. इथं अंगठा टेकवा. पण नंतर बदलता येणार नाही.”

शलाकाने नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, चला ना.”

“तू जा. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

तिने अंगठा टेकवला. दार उघडलं, मागे बंद झालं. तिने लेकाचे केस सारखे केले, चमच्याने पाणी घातलं, आणि तेव्हा तिला आठवलं, तुळशीचं पान ह्यांच्याच खिशात राहिलंय.

ती वळली. सुभेदारांनी पान आधीच बाहेर काढलं होतं, आणि लेकाच्या ओठांसमोर, काचेवर, घट्ट दाबून धरलं होतं.