तळहातावरच्या पट्ट्या

रामहरीची बायको छबूबाई गेल्याचा फोन आला. तो शेळगावहून बारामतीच्या दवाखान्यात पोचला, तेव्हा नर्स तिच्या तळहातावरच्या चिकटपट्ट्या काढत होती.

"ह्या कशाला व्हत्या, बाई?"

"तात्या, काकूंना औषधानं झोपवून ठेवलं होतं. दुखलं तरी सांगता येत नव्हतं. दुखलं की तळहाताला बारीक घाम सुटतो, कातडीतून वीज जास्त वाहते. ती ह्या पट्ट्या मोजतात."

"म्हंजी न बोलता कळतं?"

"कळतं. आकडा वर गेला की आम्ही लगेच औषध वाढवायचो. एकदाही उशीर केला नाही."

दिवाळीपासून छबूबाई पोटाला हात लावून रोज सांगत होती, धडधडीत जागी असताना, स्वतःच्या तोंडानं. गाईनं चारा सोडला तेव्हा त्यानं त्याच दिवशी डॉक्टर गोठ्यात आणला होता. बायकोला मात्र तो म्हणाला होता, "एवढा ऊस तुटू दे, मग जाऊ बारामतीला." शेवटी ती कोसळली, तेव्हाच तिला इथं आणलं होतं.

तिला घेऊन गाडी शेळगावात शिरली, तेव्हा रस्त्याकडेला त्याचा ऊस तसाच उभा होता. तोडणीची टोळी अजून आली नव्हती.