नाथाजी सुभेदारांची साक्ष

गुरुवार, दिनांक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता, पलूस तालुक्यातील कडेमळा या गावी, ग्रामपंचायतीच्या सभागृहात चौकशीला प्रारंभ झाला. प्रश्न एकच होता. इंधन कंपनीने माळावर खोदलेल्या वायुविहिरीतून नैसर्गिक वायू बाहेर झिरपतो आहे की नाही? झिरपत असेल, तर वायुविहीर बंद. नसेल, तर बनुबाई खोटी.

बनुबाई पहिल्याच रांगेत बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. पंधरवड्यापूर्वी आडावरच्या मोटारीच्या खोपीत शिरून तिने बटण दाबले आणि भडका उडाला. त्याआधी महिनाभर तिच्या पाण्याच्या आडात बुडबुडे उठत होते. बांधालगतची हळद तर दिवाळीतच करपली होती. कंपनीचे म्हणणे असे, की भडका जुनाट तारांमुळे उडाला, बुडबुडे गाळातले आणि हळदीला रोग पडला.

नाथाजी सुभेदार साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहण्याचे कटाक्षाने टाळले. ती त्यांची चुलत भावजय. पण त्याहून मोठी अडचण अशी, की ते खरे बोलणार होते.

"कंपनीत काय काम करता?" चौकशी अधिकारी ऋचा मराठे यांनी विचारले.

"पहारा, मॅडम. सकाळ-सांज वायुविहिरीभवती फेरी. वास आला का बघायचं. आठ म्हैनं झालं."

"आणि वास?"

"येकदाबी न्हाई."

मागून गावातलाच ज्योतिबा ओरडला, "कसा येईल! कंपनीनं नाकच इकत घेतलंय सुभेदाराचं!"

सभागृह हसले. नाथाजींची कानशिले तापली. अठ्ठावीस वर्षे त्यांनी पलटणीत काढली होती. त्यांच्या शब्दावर गावात वाटण्या झाल्या होत्या, सोयरिकी जुळल्या होत्या. आणि आता पारावर त्यांना पाहून माणसे बोलणे थांबवीत.

"भावजी," बनुबाई हळूच म्हणाली, "माझा हात बघा की. ह्यो बी खोटा हाय व्हय?"

"वैनी, हात खोटा म्हनत न्हाई मी. पर वास न्हाई आला, तर आला कसं सांगू?"

"सांगू नगा. नोकरी जाईल तुमची."

हे मात्र त्यांना झोंबले. नोकरीचे त्यांना काय! शब्द गेला, की मग उरले काय?

ऋचा मराठे यांनी कंपनीचे अधिकारी सुमंत फडणीस यांच्याकडे मोहरा वळवला. "गळती शोधणारं यंत्र असतं. ते कुठे आहे?"

"दुरुस्तीला गेलं आहे, मॅडम. जूनपासून. म्हणूनच सुभेदारांची नेमणूक केली. रीतसर शिकवून. पहिल्याच दिवशी मी स्वतः सिलिंडरचा रेग्युलेटर सैल करून वास दाखवला. गावात इतकं तरबेज नाक दुसरं नाही."

"तरबेज!" ज्योतिबा म्हणाला. "तपकीर वडून वडून चाळण झालीया नाकाची!"

नाथाजी उत्तर देण्यासाठी वळले आणि एकाएकी थबकले. मान वर करून त्यांनी एकदा, दोनदा श्वास घेतला.

"आकारामला सांगा, च्याची शेगडी बघ म्हनावं. ग्यास सुटलाय."

कोणालाच काही जाणवत नव्हते. शिपाई आकाराम पाठीमागच्या पडवीत चहा ठेवून दारात साक्ष ऐकत उभा होता. पडवी तीस पावले दूर, मध्ये दोन भिंती. तो कुरकुरत गेला आणि खाली मान घालून परतला.

"वाऱ्यानं इजली व्हती, मॅडम. बटण चालूच."

आता कोणी हसले नाही. सुमंत फडणीस यांनी हात किंचित पसरून चौकशी अधिकाऱ्यांकडे पाहिले. आणखी कसला पुरावा हवा होता? बनुबाईने पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला. नाथाजींनी ते पाहिले. पण शपथ घेतलेली होती.

ऋचा मराठे समोरचे कागद चाळीत होत्या. त्यांत कंपनीच्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. एका पानावर त्या बराच वेळ थांबल्या.

"सुभेदार, आत्ता आला तोच वास तुम्ही माळावर शोधत होता?"

"व्हय, मॅडम. ह्योच."

"आणि तो आला असता, तर तुम्हाला नक्की कळला असता."

"देवाशपथ."

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. तुमची साक्ष मी अक्षरशः खरी धरते."

आठ महिन्यांत प्रथमच नाथाजींनी मोकळा श्वास घेतला. बनुबाई उठून दाराकडे चालू लागली. सुमंत फडणीस कागद आवरू लागले.

"थांबा, बनुबाई. आणि फडणीस, तुम्ही बसा," ऋचा मराठे म्हणाल्या. "वायुविहीर आजच बंद करा. सिलिंडरमधला वास मागाहून मिसळलेला असतो. या विहिरीतल्या वायूला कसलाही वास नाही, आणि हे तुमच्याच अहवालात लिहिलेलं आहे."