चपलांची राखण

शकूताईंनी कुकरची एक शिट्टी कशीबशी सोसली आणि कपाळावरची पट्टी ओरबाडून काढली. ती लावली की त्यांच्या मुलीला, ऋजुताला, जसं ऐकू येतं आणि टोचतं, तसंच लावणाऱ्याला होई.

"अगं, रोज असं होतं तुला? आणि मी तुला आरतीत झांजा वाजवायला लावायची!"

"आता बाबा, तुम्ही लावा," ऋजुता म्हणाली. आपण ऑटिस्टिक आहोत हे तिला पस्तिशीत कळलं होतं. तिच्या बाबांना, दिगंबररावांना, ते पटलेलं नव्हतं. सगळ्यांनाच त्रास होतो, सोसायचा असतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांनी पट्टी लावली. कुकर पुन्हा किंचाळला. ट्यूबलाइट गुणगुणत होती.

"कधी सुरू होणार हे?"

"बाबा, मघापासून चालूच आहे."

"छे! नेहमीसारखंच तर आहे सगळं."

ऋजुताने पट्टी तपासली. बिघाड नव्हता.

शकूताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. शिवण टोचते म्हणून हा माणूस आयुष्यभर बनियन उलटा घालत आला होता आणि घरच्या गणपतीची आरती सुरू झाली की चपला सांभाळायला जिन्यात जाऊन बसत होता.

"अहो, आपल्या दारातल्या चपला कधी चोरीला गेल्यात का?" त्यांनी हळूच विचारलं, आणि पुढची शिट्टी व्हायच्या आत उठून गॅस बंद केला.