दर दोन तासांनी

गुणाबाईच्या नाकावर माशी बसली तेव्हा तिचा मुलगा अजय समोरच खुर्चीत बसून बूट चढवत होता. हात उचलायची सोय नव्हती. तिने डोळे मिटले आणि माशी आपली आपण उडायची वाट पाहिली.

अजयची आठ दिवसांची सुट्टी काल संपली. ते आठही दिवस ती ऊर्जानगरच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरात छताकडे बघत पडून होती. सिंदेवाहीजवळच्या तिच्या गावात आता धानाची रोवणी लागली असेल. बाया चिखलात वाकून एकमेकींची थट्टा करत असतील. इथे खिडकीतून दिसायची ती वीजकेंद्राची चिमणी आणि तिचा धूर.

दिवाळीत तिचं उजवं अंग गेलं, डावंही दुबळं झालं, तोंड वाकडं झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, नीट सेवा झाली तर सुधारतील. सेवा कशी करायची हे घरात फक्त सून मयुरीला ठाऊक होतं. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि लग्न झाल्याबरोबर अजयने तिचं कॉलेज बंद केलं होतं. आता त्यानेच जाऊन तिचं नाव पुन्हा घातलं.

खालच्या मजल्यावरच्या हरिदासला तो जिन्यात सांगत होता, ते गुणाबाईने पलंगावरूनच ऐकलं होतं. "आईसाठीच शिकवून राह्यलो, भाऊ. आई चालाले लागली का मंग बाईमाणसाले काय गरज?"

आज पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर होता. म्हणजे शिक्षण पुरं व्हायला अजून दोन वर्षं. गुणाबाईने मनातल्या मनात महिने मोजले.

मयुरी कोमट पाणी घेऊन आली. कोपर बुडवून तिने ते पाहिलं. "आई, आता तोंड पुसतो," ती म्हणाली. हात लावण्याआधी सांगायचं, हे ती कधी विसरत नसे. एक डोळा नाकाकडून कानाकडे पुसला. दुसऱ्यासाठी कापडाची कोरी बाजू घेतली. मग सासूला कुशीवर वळवलं आणि थबकली.

माकडहाडावर लाल चट्टा होता. तिने बोटाने दाबून सोडला. तो पांढरा पडला, पुन्हा लाल झाला.

"दाबलं का पांढरं होते, म्हणजे कातडी अजून चांगली आहे," ती अजयला म्हणाली. "पण इतक्या महिन्यांत असं कधी झालं नोयतं. या आठ दिवसांतच झालं."

"काऊन? मी तं घरीच होतो."

 मयुरीने चादरीची सुरकुती ताणून काढली.

"मंग आज जाऊ नको," अजय म्हणाला. शेजारची बायनाबाई रोज बाराला डोकावून कूस बदलून द्यायची, पण ती जिवतीच्या सणाला लेकीकडे गेली होती. "दोन तासांनी आईची कूस कोण बदलन?"

"साल वाया जाईन माझं."

"पुढच्या साली दे. आई एकटी पडली, अन् काही झालं तं?"

मयुरीने ओलं फडकं पिळलं. पिळत राहिली.

गुणाबाईच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागला. "जा... ऊ दे."

अजय पलंगाशी येऊन बसला. तिचा उजवा हात त्याने हातात घेतला. तो ओल्या चिंधीसारखा त्याच्या तळव्यात पडून राहिला. पोराचे डोळे भरले. त्याला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं, पण ते जमण्यासारखं नव्हतं. तिने नजर छताकडे वळवली.

"एवढा वेळ एकटी राह्यशील, आई?"

तिने पापण्या मिटून हो म्हटलं.

खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "पेपर सुटला का सिधी घरी ये," अजय मयुरीला म्हणाला आणि नाक पुसत जिना उतरला.

मयुरीने सासूच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवली. पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. पांढरा ड्रेस घालून वेणी बांधली आणि बस वळणापलीकडे जाईपर्यंत खिडकीशी उभी राहिली.

मग बॅग खांद्याला लावून ती दारातून मागे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, आज फिरताना चप्पल नका घालू. खाली हरिदासभाऊ घरीच आहेत, पावलं ऐकू जातात."