उजव्या कडेवरची

ऐरणीवरून नव्या ठशाचं पहिलं नाणं उचललं आणि म्हातारा ओनेसिमस ते नुसतं बघतच राहिला. टांकसाळीचा मुकादम तो. बघत राहिला म्हणजे काहीतरी बिनसलं.

"हर्मियास, जुनो लुकिना पोर कुठल्या कडेवर घेते?"

"डाव्या."

"मग हे काय?"

चांदीवर बाळंतिणींची ती देवी उभी होती आणि बाळ उजव्या कडेवर. ठसा हर्मियासनेच कोरला होता. ठशावर उलटं कोरायचं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. वीस वर्षांत तो हे कधी विसरला नव्हता. पण घरी त्याची बायको त्रिफेना दोन दिवस अडली होती. बाळंतीण सुटावी म्हणून घरातली गाठन् गाठ सोडलेली. तोही पट्टा न बांधता, नुसता खांद्यावर टाकून कामावर आला होता, अंगरखा घोट्यावर लोंबत.

"पट्टा सोडलास ते ठीक, अक्कलही सोडून आलास होय रे? वरच्यांनी हे बघितलं तर दोघांची धडगत नाही. फोड तो ठसा!"

हर्मियासने हातोडा उचलला, तोच दारात त्याची सासू निके धापा टाकत उभी राहिली. केस मोकळे. केस लुकिनासाठी सोडतात, तसे मयतीलाही सोडतात. हातोडा हवेतच राहिला.

"बघतोयस काय मेल्या! मुलगी झाली. आणि तुझी बायको भूक भूक करतेय."

हर्मियासने हातोडा खाली ठेवला.

निकेने मुकादमाच्या हातातलं नाणं ओढून डोळ्यांजवळ नेलं. "अगंबाई! ही तर आमचीच. आत्ता अशीच सोडून आले तिला."

"तुमची कशी?" मुकादम म्हणाला.

"डावखुरी ना माझी लेक. पोर उजव्या कुशीत, डावा हात जेवायला मोकळा."

चांदीचा हिशेब जुळावा म्हणून ओनेसिमसने स्वतःच्या थैलीतलं एक नाणं काढून वितळायच्या मुशीत टाकलं आणि निकेची मूठ त्या पहिल्या नाण्यावर मिटली. "पोरीच्या जन्माचं नाणं लुकिनाच्या देवळातल्या पेटीत टाकतेस ना? हेच टाक. ती समजून घेईल." मग हर्मियासकडे वळून, "ठसा मात्र फोड. आणि तो पट्टा बांध आता. सुटली ना ती."

हर्मियासने दोनदा गाठ मारली, दोनदा सुटली. गाठ शेवटी निकेनेच मारली.