खालचे ब्रेक्के

१९१० सालच्या जनगणनेत वरच्या ब्रेक्केच्या वस्तीवर अकरा माणसं होती आणि त्यातलं अकरावं माणूस नोकर होतं.

इल्वाने तो शब्द तीनदा वाचला. शाळेच्या वाचनालयात अख्खा वर्ग आपापले पूर्वज शोधत होता. कुणाला खलाशी मिळाले होते, कुणाला धर्मगुरू. मागच्या बाकावरच्या आस्गायरचा पणजोबा जनगणनेच्या दिवशी तुरुंगात मुक्कामाला होता, आणि आस्गायर ते सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होता. इल्वाने मात्र स्क्रीन हाताने झाकून घेतली.

नील्स मूएन, गडी, जन्म ३ मार्च १८८६. त्याआधीच्या, १९०० सालच्या यादीत तो चौदा वर्षांचा होता आणि मूएनच्या शेतावर राहत होता, म्हणून मूएन. मग वरच्या ब्रेक्केत चाकरीला. आणि १९२० साली, शंभर वर्षं कुलपात राहून मग उघडलेल्या यादीत, तोच ३ मार्च १८८६चा नील्स त्याच शेतावरच्या खालच्या घरात, बायको आणि दोन मुलांसह. नील्स ब्रेक्के.

त्यांच्या खोऱ्यात हे असंच चालायचं. माणूस ज्या जमिनीवर राहील त्या जमिनीचं नाव लावायचा. जागा सोडली की नावही तिथेच ठेवून जायचा. पुढे कायदा आला आणि जो जिथे होता तिथलं नाव त्याला कायमचं चिकटलं. वर्गात बाईंनी हे सांगितलं तेव्हा इल्वाने वहीत लिहूनही घेतलं होतं. पण वरचे ब्रेक्के, म्हणजे तिच्या आजीचं घराणं, आणि खालचे ब्रेक्के ही दोन भावांची घरं, हे ती लहानपणापासून धरूनच चालली होती. भाऊबिऊ कुणी नव्हतंच. एक मालक होता आणि एक गडी.

आणि तो गडी सिग्नेचा खापरपणजोबा होता.

सिग्ने. इल्वाच्याच वयाची, पंधरा वर्षांची, खालच्या घरात राहणारी, इल्वाच्या आजीला ‘आजी’ म्हणणारी. इल्वा शहरातून बसने तासभर हादरे खात यायची, तर ही बया आधीच आजीच्या स्वयंपाकघरात हजर. आजीची कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे हिला पाठ. आजी चष्मा शोधायला लागायच्या आत हिच्या हातात चष्मा. कधी रुसणं नाही, कधी कंटाळा नाही. तिला हसताना पाहिलं की इल्वा मान फिरवायची. तिच्या त्या दोन वेण्यासुद्धा इल्वाला बघवत नसत.

यंदा तर प्रश्न सेटरचा होता. जूनमध्ये आजी शेळ्या घेऊन डोंगरावरच्या त्या उन्हाळी घरात, सेटरवर, राहायला जायची, थेट ऑगस्टपर्यंत. आता गुडघे ऐकेनात, म्हणून ती एका मुलीला सोबत नेणार होती. जी जाईल ती तपकिरी चीज आटवायला शिकणार, आणि आजीनंतर सेटरही तिचंच. नाताळच्या जेवणात आजीने हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि सांगताना दोघींकडे पाहिलं. तेव्हापासून इल्वाला अन्न गोड लागलं नव्हतं. सेटरवरून खालचा फिऑर्ड, डोंगरांत घुसलेला समुद्र, निळ्या दोऱ्याएवढा दिसतो. ते सिग्नेचं होणार, ह्या कल्पनेनेच तिला रडू यायचं.

तिने तिन्ही पानं छापून घेतली. रविवारी बसमध्ये ती मांडीवर धरून बसली. आजीला तर दाखवायचीच होती, पण त्याआधी सिग्नेचा चेहरा पाहायचा होता.

सिग्ने गोठ्यात होती. एका शेळीचा पाय गुडघ्यांत धरून ती खूर कापत होती. इल्वाने कागद तिच्या नाकासमोर धरले. बसमध्ये तिने मोठं भाषण ठरवलं होतं. प्रत्यक्षात एवढंच निघालं.

“तुम्ही ब्रेक्के नाहीच मुळी. आमचे नोकर होतात तुम्ही.”

सिग्नेने कागद वाचले. घाई न करता, तिन्ही. मग ती म्हणाली की हेच कागद तिने सहावीत असताना काढले होते, आणि आजीला तर ते कागदांच्याही आधीपासून माहीत आहे. इल्वाने तिच्याकडे नीट पाहिलं. सिग्नेचे डोळे सुजलेले होते, आणि ते ह्या कागदांमुळे नव्हतं.

“आजीने सकाळी मला बोलावलं होतं,” सिग्ने म्हणाली. “मी गोळ्या दिल्या, चष्मा दिला, तेव्हा म्हणाली, तुझ्यासारखी मुलगी शोधून सापडायची नाही. पण सेटर रक्तातच राहायला हवं. तुला नेतेय ती.”

इल्वाला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण उड्या मारू. ती कागद हातात घेऊन तशीच उभी राहिली. बाहेर आजी तिला हाका मारत होती, फक्त तिलाच.

सिग्नेने शेळीचा पाय सोडला, बाहीने नाक पुसलं आणि कळपाकडे वळली.

“ये इकडे,” ती म्हणाली. “तुला ह्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत.”